वसाहतकालीन टपाल तिकिटे आणि पाकिटे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश अमदानीतील टपाल तिकिटे, पाकिटे आणि पोस्टकार्डे यांविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्या संग्राहकांचे आहेत, तर पुढचे प्रश्न काही वर्षे या छंदात मुरलेल्यांनाही अडवणारे आहेत. ज्यांच्या घरी जुनी पत्रे सापडली आहेत, त्यांनी निदान तिसरा आणि सातवा प्रश्न वाचल्याशिवाय त्या पत्रांना कात्री किंवा पाणी लावू नये, ही विनंती.

१. ‘वसाहतकालीन’ म्हणजे नेमका कोणता काळ धरायचा?

भारतात चिकटवायची तिकिटे प्रथम १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात निघाली आणि ब्रिटिश सत्ता १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपली, म्हणून बहुतेक संग्राहक या दोन तारखांमधला काळ धरतात. तथापि तिकिटे येण्यापूर्वीही ईस्ट इंडिया कंपनीचे टपाल चालत होते आणि त्या काळच्या पत्रांवर हाताने लिहिलेला दर आणि गावाचा शिक्का आढळतो. अशी तिकीटपूर्व पत्रेही या संग्रहाचाच भाग आहेत, आणि अनेकदा ती नंतरच्या तिकिटांपेक्षा अधिक बोलकी असतात. संस्थानांची तिकिटे (प्रश्न १२) आणि गोव्याची पोर्तुगीज तिकिटे (प्रश्न १३) यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. स्वातंत्र्यानंतरही वापरात राहिलेल्या तिकिटांबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिले आहे.

२. माझ्याकडे राणी व्हिक्टोरियाचे तिकीट आहे. दीडशे वर्षांचे आहे, म्हणजे मौल्यवान असणारच ना?

वय आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिक्टोरियाचे अर्ध्या आण्याचे तिकीट देशभर रोजच्या पत्रव्यवहारासाठी प्रचंड संख्येने छापले गेले आणि तितक्याच प्रचंड संख्येने उरले. सुटे, वापरलेले आणि सामान्य अवस्थेतले असे तिकीट आजही अत्यल्प किमतीत मिळते, आणि एडवर्ड व पाचवा जॉर्ज यांच्या एक आण्याच्या तिकिटांचेही तसेच आहे. मूल्य ठरते ते छपाई किती झाली, उरले किती, अवस्था कशी आहे आणि ते कुठे व कशासाठी वापरले गेले यांवरून. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो. अगदी सामान्य तिकीटसुद्धा एडनच्या, पर्शियन आखातातल्या किंवा लढाईच्या आघाडीवरच्या टपाल कार्यालयाचा स्पष्ट शिक्का घेऊन आले, तर त्याची गणना निराळी होते.

३. आजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रे सापडली. पाकिटांवरची तिकिटे कापून किंवा भिजवून काढावीत का?

कृपया काढू नयेत. या पानावरचे बाकी सारे विसरले तरी चालेल, परंतु एवढे लक्षात ठेवावे. लहानपणी आपल्यापैकी बहुतेकांना तिकीट पाण्यात भिजवून, टीपकागदावर वाळवून वहीत लावायला शिकवले गेले. नव्या, भरपूर उपलब्ध असलेल्या तिकिटांसाठी ते ठीक होते. जुन्या पत्रावरचे तिकीट काढणे म्हणजे मात्र साक्षीदाराला त्याच्या गावापासून तोडणे आहे.

समजा, हातात १८६० च्या दशकातले मुंबईहून पुण्याला गेलेले पत्र आहे. वेगळे पाकीट नाही, पत्राचाच कागद घडी घालून बंद केलेला आहे. पुढे अर्ध्या आण्याचे निळे तिकीट आहे आणि त्यावर काळ्या शाईचा आकडी शिक्का बसलेला आहे. अर्धा आणा कशासाठी? तर १८५४ च्या टपाल कायद्याने अंतर कितीही असले तरी पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा आणि एका तोळ्यापर्यंत दोन आणे असा दर ठरवला होता. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, म्हणजे हे पत्र तीन ग्रॅमच्या आतले, एका पातळ कागदाचे. मागे पुण्याचा पोहोच शिक्का आहे. दोन्ही शिक्क्यांतील तारखा शेजारी ठेवल्या की प्रवासाला लागलेला वेळ कळतो, आणि बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला हे ठाऊक असेल, तर पत्र घाट कसे चढले असेल याचाही अंदाज येतो. पत्त्यात ‘रा. रा.’ अशी सुरुवात, पेठेचे नाव आणि पत्र लिहिणाऱ्याचे वळण दिसते. पैसे न भरता टाकलेले, म्हणजे नॉटपेड, पत्र असेल तर घेणाऱ्याकडून दुप्पट दर वसूल झाल्याची खूणही त्यावर सापडते. तिकीट कापून घेतले की यांतले काहीच उरत नाही, आणि हातात येते ते दुसऱ्या प्रश्नात सांगितलेले, सहज मिळणारे निळे तिकीट.

संग्राहक अशा संपूर्ण वस्तूला ‘कव्हर’ म्हणतात. आत पत्र असेल तर तेही पाकिटापासून वेगळे करू नये, कारण मजकुरातील तारीख अनेकदा अस्पष्ट शिक्क्याची उणीव भरून काढते.

४. तिकिटावर छापलेले वर्ष नसते. मग ते कधीचे हे कसे ओळखायचे?

प्रथम चेहरा पाहावा. व्हिक्टोरियाची तिकिटे १८५४ पासून शतकाच्या अखेरपर्यंतची, सातव्या एडवर्डची १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची १९११ पासून आणि सहाव्या जॉर्जची १९३७ पासूनची आहेत. आठव्या एडवर्डचे तिकीट भारतात निघालेच नाही. त्यानंतर शब्द पाहावेत. व्हिक्टोरियाच्या तिकिटावर ‘ईस्ट इंडिया’ असेल तर ते १८८२ पूर्वीच्या मालिकेतले, आणि नुसते ‘इंडिया’ असेल तर त्यानंतरचे.

तिसरी खूण कागदातील वॉटरमार्कची, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या फिक्या चिन्हाची. १८५४ च्या तिकिटांच्या कागदात कंपनीचे मोठे राजचिन्ह संपूर्ण ताव व्यापून होते, त्यामुळे एकेका तिकिटावर त्याचा तुकडाच येतो आणि कधी काहीच येत नाही. १८६५ पासून हत्तीचे मस्तक, १८८० च्या दशकाच्या आरंभापासून एक तारा, आणि १९२६ मध्ये छपाई नाशिकला आल्यावर अनेक तारे असा क्रम लागतो. तोपर्यंत लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जाणारी आपली तिकिटे नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली, ही महाराष्ट्रातील संग्राहकांना विशेष जिव्हाळ्याची गोष्ट आहे. पाचव्या जॉर्जचे एकाच रंगाचे आणि एकाच किमतीचे तिकीट लंडनचे की नाशिकचे, हे पुष्कळदा वॉटरमार्कवरूनच ठरते.

५. ‘सिंध डाक’ काय आहे आणि ते मला मिळू शकेल का?

सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी १८५२ मध्ये आपल्या प्रांतातील टपालासाठी अर्ध्या आण्याची गोल तिकिटे काढली. आशियातील ही पहिली चिकटवायची टपाल तिकिटे होत. ती तीन प्रकारांत आढळतात : लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेले लाल, पांढऱ्या कागदावर रंगाविना उठाव दिलेले पांढरे, आणि निळे. लाल प्रकार लाखेचा असल्यामुळे हाताळताना तडकत असे, म्हणून अखंड लाल तिकीट ही या क्षेत्रातील अतिशय दुर्मिळ वस्तू आहे. १८५४ मध्ये सर्व भारतासाठी तिकिटे आल्यावर सिंध डाक बंद झाले.

मिळू शकेल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की विक्रीला येणाऱ्या स्वस्त ‘सिंध डाक’पैकी जवळजवळ सर्व नकली असतात. प्रमाणपत्र नसेल तर घेऊ नये (प्रश्न १७).

६. १८५४ च्या पहिल्या तिकिटांबद्दल एवढे कुतूहल का आहे?

कारण ती सर्वस्वी येथे घडली. १ ऑक्टोबर १८५४ पासून ही तिकिटे सर्व भारतात विक्रीला आली आणि त्यांतील बहुतेकांची छपाई कलकत्त्याच्या सर्व्हेयर जनरलच्या कार्यालयात कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली, नकाशे छापण्याच्या शिळाछपाईच्या तंत्राने झाली. अर्धा आणा निळा, एक आणा लाल आणि चार आणे लाल-निळा अशी ती होती. दोन आण्यांचे हिरवे तिकीट मात्र कलकत्त्याच्या टांकसाळीत वेगळ्या पद्धतीने छापले गेले. त्याआधी अर्ध्या आण्याचे शेंदरी रंगातले, चौकटीत साडेनऊ कमानींची नक्षी असलेले तिकीट छापून झाले होते. ते अधिकृतपणे विक्रीला आले नाही. त्याच्या उरलेल्या प्रती आज संग्राहकांच्या विशेष आस्थेचा विषय आहेत.

हवामान, कामगारांचे हात आणि दगडाची झीज या सर्वांच्या खुणा या तिकिटांवर दिसतात. एकाच किमतीच्या तिकिटाचे दोन-तीन वेगवेगळे ठसे आहेत. राणीच्या मानेची रेघ, अंबाड्याची वळणे, चौकटीची जाडी असे बारकावे भिंगाखाली पाहत अभ्यासकांनी आयुष्ये घालवली आहेत. चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत, म्हणजे दोनदा कागद दाबून, छापावे लागे. त्यात कागद उलटा लागल्याने चौकट सुलटी आणि राणीचे मस्तक उलटे, असा दोष काही प्रतींत राहून गेला. जगातील अतिशय जुन्या आणि सर्वांत गाजलेल्या छपाईदोषांत त्याची गणना होते.

या तिकिटांना परफोरेशन, म्हणजे सुटी करण्यासाठी कडेने पाडलेली छिद्रे, नव्हते, कारकून किंवा गिऱ्हाईक ती कात्रीने कापत असे. म्हणून चारही बाजूंना मोकळा कागद राहिलेली प्रत मोलाची ठरते. चार आण्यांच्या तिकिटाची अष्टकोनी चौकट पाहून पुष्कळांनी ते त्याच आकारात कापले. अशी प्रत खरी असली, तरी चौकोनी प्रतीच्या मानाने तिला फार कमी किंमत येते.

७. तिकीट किंवा पाकीट मळले आहे. ते धुऊन स्वच्छ करावे का?

पाकीट कधीही धुऊ नये. सुट्या तिकिटाबाबतही आधी छपाई कोणती आहे ते पाहावे. काश्मीरसारख्या संस्थानांची जुनी तिकिटे पाण्यात विरघळणाऱ्या रंगांनी छापलेली आहेत. ती वाटीभर पाण्यात टाकली तर काही क्षणांत वाटीत रंग आणि हातात कोरा कागद उरतो. मूळ डिंक असलेले न वापरलेले तिकीट भिजवले की ते ‘मिंट’ राहत नाही. डाग घालवण्यासाठी ब्लीच, खोडरबर किंवा साबण वापरलेला असला, तर तज्ज्ञाला तो लगेच कळतो आणि वस्तूचे मोल घटते. मऊ, कोरड्या ब्रशने वरची धूळ झटकणे एवढीच सफाई घरी करावी.

लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांनी जेवढी जुनी कागदपत्रे नासली, तेवढी वाळवीनेही नासली नसतील. फाटलेले पत्र जसे आहे तसेच ठेवावे.

८. पावसाळ्यात तिकिटे आणि पाकिटे कशी सांभाळायची?

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा संग्रहाच्या कसोटीचा काळ असतो. दमट हवेने डिंक सुटतो, तिकिटे एकमेकांना आणि अल्बमला चिकटतात, आणि कागदावर तांबूस ठिपके येतात. अल्बम उभे ठेवावेत, आडवे एकावर एक रचू नयेत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे. न वापरलेल्या तिकिटांच्या पानांमध्ये बटरपेपर घालावा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून वाळवाव्यात. डांबरगोळ्या कागदाला थेट लागू देऊ नयेत. पाकिटांसाठी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या चांगल्या. पीव्हीसीच्या स्वस्त पिशव्यांतील रसायन काही वर्षांनी कागदावर उतरते. कोरड्या दिवशी सर्व पाने उघडून हवा द्यावी, ऊन मात्र देऊ नये. कसर लागलेले एखादे पाकीट नवीन घेतले असेल, तर ते बाकीच्या संग्रहापासून काही आठवडे वेगळे ठेवून पाहावे.

९. सुरुवातीला कोणती साधने लागतात?

भिंग, चपट्या टोकाचा चिमटा, परफोरेशन मोजण्याची पट्टी आणि वॉटरमार्क पाहण्यासाठी काळा सपाट तबक एवढे पुरे. तिकीट तबकात पालथे ठेवले की वॉटरमार्क पुष्कळदा तसाच दिसतो. दिसला नाही तर त्यासाठीचा विशिष्ट द्रव विकत मिळतो. तो ज्वालाग्राही असतो, म्हणून देवघरातील दिवा किंवा गॅस जवळ नसावा. पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या तिकिटांसाठी आधी प्रश्न ७ पाहावा.

१०. आमच्या सगळ्या जुन्या पत्रांना मधोमध भोक आहे. त्यामुळे ती निकामी झाली का?

नाही. आपल्याकडे आलेली पत्रे आकडा असलेल्या तारेत ओवून भिंतीला टांगून ठेवण्याची पद्धत पेढ्यांवर आणि घरोघरी होती, आणि ते भोक त्या तारेचे आहे. तिकिटातून किंवा मुख्य शिक्क्यातून तार गेली नसेल तर संग्राहक हा दोष समजून घेतात, किंमत काही प्रमाणात कमी धरतात एवढेच. भोक बुजवण्याचा प्रयत्न करू नये. बुजवलेले भोक दुरुस्ती म्हणून अधिक खटकते. तारेत ओवलेली पत्रे बहुधा तारखेच्या क्रमाने लागलेली असतात, म्हणून सोडवताना तो क्रम पेन्सिलीने वेगळ्या कागदावर टिपून ठेवावा.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मृत्यूची वार्ता कळवणारे पत्र वाचून लगेच फाडून टाकण्याची आपल्याकडे रीत होती. त्यामुळे अशी कार्डे फारच थोडी उरली. कोणाच्या संग्रहात एखादे असेल, तर त्यातील सामाजिक इतिहास ओळखून ते जपावे.

११. पत्ता मोडीत आहे आणि तारीखही कळत नाही. काय करावे?

मोडी लिपी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत खासगी पत्रव्यवहारात सर्रास होती, म्हणून मराठी घरांतील जुन्या पाकिटांवर ती असणे स्वाभाविक आहे. अनेक पाकिटांवर मोडीतील पत्त्याशेजारी टपाल कार्यालयाच्या कारकुनाने गावाचे नाव इंग्रजीत लिहिलेले आढळते. तेथून सुरुवात करावी. मजकुरात शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सनाचे वर्ष येते, पौषापासून पुढच्या महिन्यांत मात्र बहुधा ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १७९० च्या श्रावणातले पत्र १८६८ चे, आणि माघातले १८६९ चे. गुजराती आणि मारवाडी पेढ्यांच्या पत्रांत विक्रम संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करावे लागतात.

मोडीचे वर्ग पुराभिलेख विभाग आणि इतिहास मंडळे यांच्याकडून वेळोवेळी भरतात. महाराष्ट्रातील टपाल इतिहासाचे कितीतरी साहित्य केवळ मोडी वाचता न आल्यामुळे ‘देशी भाषेतील पत्र’ असा शेरा मारून लिलावात स्वस्तात जाते. ज्याला मोडी येते, त्याच्यासाठी हे क्षेत्र अजूनही मोकळे आहे.

१२. संस्थानांची तिकिटे ब्रिटिश तिकिटांपेक्षा वेगळी का धरतात?

त्यांचे दोन गट आहेत. पतियाळा, नाभा, जिंद, फरीदकोट, चंबा आणि ग्वाल्हेर या सहा संस्थानांनी ब्रिटिश टपालखात्याशी करार केला आणि ब्रिटिश भारताच्या तिकिटांवर आपले नाव छापून ती वापरली. ग्वाल्हेरच्या तिकिटांवर हे नाव देवनागरीतही आढळते. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, जयपूर, काश्मीर, इंदूर अशा इतर संस्थानांनी स्वतःची तिकिटे काढली आणि ती त्यांच्या हद्दीपुरती चालत. पत्र हद्दीबाहेर जायचे असेल तर ब्रिटिश तिकीटही लावावे लागे, आणि अशी दोन्ही तिकिटे एकत्र असलेली पाकिटे संग्राहक आवर्जून शोधतात.

महाराष्ट्रातील वाचकांनी भोरकडे अवश्य लक्ष द्यावे. पंतसचिवांच्या या लहानशा संस्थानाने १८७९ मध्ये अर्ध्या आणि एका आण्याची तिकिटे हाताने ठसा मारून काढली, आणि १९०१ मध्ये शंकरराव पंतसचिवांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. सुटी, न वापरलेली भोरची तिकिटे आजही आवाक्यात आहेत. टपालातून खरोखर गेलेले भोरचे पाकीट ही मात्र फार वेगळी गोष्ट आहे, आणि कोणी दाखवले तर शिक्का व कागद यांची कसून तपासणी करावी.

१३. गोव्याची जुनी तिकिटे याच संग्रहात येतात का?

वसाहतकालीन निश्चितच, परंतु सत्ता पोर्तुगीजांची असल्यामुळे त्यांचा अल्बम वेगळा ठेवावा. पोर्तुगीज भारताची पहिली तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ रोजी निघाली. ती गोव्यातच साध्या ठशांनी छापली गेली आणि त्यांचा खडबडीतपणाच त्यांची ओळख आहे. तोच नकली प्रती बनवणाऱ्यांच्याही पथ्यावर पडला. किंमत आधी रेइस या चलनात, १८८२ पासून रेइस आणि टांगा यांत, आणि १९५९ पासून सेंताव्हो व एश्कुदो यांत दिलेली आहे, त्यामुळे चलनावरून काळ लगेच कळतो. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, म्हणून येथे वसाहतकाळाची सीमा पहिल्या प्रश्नातील सीमेपेक्षा चौदा वर्षे पुढे जाते.

१४. भारताच्या तिकिटावर सिंगापूरचा शिक्का कसा?

कारण १८६७ पर्यंत सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का येथील टपालात भारताचीच तिकिटे चालत. त्या काळच्या शिक्क्यांत गावाच्या नावाऐवजी क्रमांक असे : बी १७२ म्हणजे सिंगापूर, बी १४७ म्हणजे पेनांग, बी १५६ म्हणजे रंगून. एडनचा १२४ हा क्रमांकही संग्राहकांना परिचित आहे. ब्रह्मदेशात भारताची तिकिटे १९३७ मध्ये तो देश वेगळा होईपर्यंत वापरली गेली. म्हणून सामान्य दिसणारी व्हिक्टोरियाची तिकिटे पेटीभर मिळाली, तर राणीचा चेहरा न पाहता आधी शिक्के पाहावेत.

१५. तिकिटावर ‘सर्व्हिस’, ‘सी.ई.एफ.’ किंवा ‘आय.ई.एफ.’ अशी अक्षरे छापली आहेत. हा छपाईदोष आहे का?

दोष नाही. ‘सर्व्हिस’ म्हणजे सरकारी कामाचे तिकीट. अशी तिकिटे १८६६ पासून आहेत. सी.ई.एफ. ही अक्षरे १९०० मध्ये चीनला गेलेल्या फौजेसाठी आणि आय.ई.एफ. ही पहिल्या महायुद्धातील भारतीय फौजेसाठी छापली गेली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून मोठ्या संख्येने शिपाई मेसोपोटेमियाकडे गेले होते, त्यामुळे घरातील जुन्या पत्रांत फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असलेला शिक्का आणि सेन्सॉरचा छाप सापडण्याची शक्यता खरी आहे. अशा पत्रावर तिकीट नसले तरी ते टाकून देऊ नये.

खरा छपाईदोष कसा असतो, याचे उदाहरण १९२१ चे आहे. एक आण्याच्या तिकिटावर ‘नाइन पाइज’ अशी नवी किंमत छापताना काही प्रतींवर ‘नाइन नाइन’ आणि काहींवर ‘पाइज पाइज’ असे उमटले. वरून छापलेली अक्षरे खोटी करणे सोपे असते, म्हणून असे दोषही तपासूनच घ्यावेत.

१६. स्टॅम्पपेपर, कोर्ट फी आणि तारेची तिकिटे हीसुद्धा टपाल तिकिटेच ना?

नाहीत. मुद्रांक, कोर्ट फी आणि हुंडीचे स्टॅम्प ही महसुली तिकिटे आहेत, आणि त्यांचा संग्रह हे स्वतंत्र, समृद्ध क्षेत्र आहे. गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे १९०६ पासून अर्ध्या आणि एका आण्याच्या टपाल तिकिटांवर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असे छापले जाऊ लागले आणि तीच पावतीवरही चालू लागली. म्हणून अशा तिकिटावर शाईची सही दिसली तर ते बहुधा पावतीवरचे आहे आणि टपाल संग्राहकाला त्याचे मोल थोडे. अशी सही रसायनाने पुसून ते तिकीट न वापरलेले म्हणून विकण्याची लबाडी जुनी आहे. विशेषतः मोठ्या किमतीच्या तिकिटांवर अतिनील दिवा धरून पाहावा.

दुसरे ठिकाण तारखात्याच्या तिकिटांचे. ती लांबट असून त्यांवर राणीची दोन मस्तके वर-खाली असत, आणि तिकीट मधोमध कापून एक भाग तार करणाऱ्याला पावती म्हणून मिळे. त्यामुळे आज बहुतेक ठिकाणी अर्धेच तिकीट आढळते. ते फाटलेले नसून नियमानुसार कापलेले आहे.

१७. नकली तिकीट कसे ओळखावे, आणि प्रमाणपत्र कोण देते?

नकलींचे चार प्रकार वारंवार भेटतात : संपूर्ण बनावट (सिंध डाक), खऱ्या तिकिटावर खोटा शिक्का किंवा खोटी छापील अक्षरे, सामान्य तिकिटाची छिद्रे छाटून ते बिनछिद्रांचे असल्याचा भास, आणि खऱ्या जुन्या पाकिटावर नंतर चिकटवलेले दुसरे तिकीट. शेवटचा प्रकार सर्वांत फसवा आहे. त्यासाठी शिक्का तिकिटावरून पाकिटावर अखंड उतरला आहे का, दर त्या वर्षाच्या नियमाशी जुळतो का, आणि शिक्क्यातील तारीख तिकीट निघण्याच्या आधीची तर नाही ना, हे पाहावे. १८५४ च्या तिकिटांची सरकारने नंतर केलेली पुनर्मुद्रणेही आहेत; ती बनावट नव्हेत, परंतु मूळही नव्हेत.

महाग वस्तूसाठी तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र मागावे. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती यासाठी जगभर मानली जाते. विक्रेता ‘घरातलेच जुने आहे’ असे सांगून प्रमाणपत्र टाळत असेल, तर आमच्या मते व्यवहार तेथेच थांबवावा.

१८. कॅटलॉगमध्ये माझ्या तिकिटाची किंमत मोठी दिली आहे. तेवढे पैसे मिळतील का?

क्वचितच. कॅटलॉगमधील आकडा चांगल्या अवस्थेतील प्रतीचा आणि दुकानातील विक्रीचा असतो. विकणाऱ्याच्या हाती त्याचा काही अंश येतो, आणि कापलेली कड, डाग किंवा सुटलेले दात असतील तर तोही घटतो. उलट, चांगल्या शिक्क्याच्या पाकिटाला कॅटलॉगमध्ये जागाच नसते आणि लिलावात त्याला अनपेक्षित किंमत येते. त्यामुळे अंदाज हवा असेल तर झालेल्या लिलावांतील प्रत्यक्ष विक्रीचे भाव पाहावेत. ऑनलाइन कोणी किती मागतो आहे, त्यावरून काहीच ठरत नाही.

१९. १९११ च्या पहिल्या विमान टपालाचे कार्ड ओळखायचे कसे?

१८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनस्थळावरून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे आणि कार्डे विमानातून नेली. जगातील पहिले अधिकृत विमान टपाल म्हणून ते ओळखले जाते. त्यासाठी केलेल्या खास गोल शिक्क्यात विमान आणि डोंगर दिसतात, आणि तो बहुतेक वस्तूंवर किरमिजी शाईत आहे. हा शिक्का प्रसिद्ध असल्यामुळे त्याच्या नकलाही आहेत. कार्डाची पुढची वाटचाल दाखवणारे इतर शिक्के जुळतात का, ते सतराव्या प्रश्नातील पद्धतीने तपासावे.

२०. परदेशातील मुलाकडे संग्रह पाठवायचा आहे. काही अडचण येईल का?

येऊ शकते. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या पुरातन वस्तू आणि ऐतिहासिक, साहित्यिक अथवा शास्त्रीय मोलाची किमान पंचाहत्तर वर्षे जुनी हस्तलिखिते व दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. जुनी पत्रे या व्याख्येत बसू शकतात. म्हणून पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करावी आणि वस्तू पुरातन नसल्याचा दाखला लागत असेल तर तो घ्यावा. सामानात गुपचूप ठेवून नेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

२१. पाकिटावर सहाव्या जॉर्जचे तिकीट आहे, परंतु शिक्का १९४८ चा आहे. हे खोटे आहे का?

खोटे नाही. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. राष्ट्रध्वज आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे असलेले ते साडेतीन आण्यांचे तिकीट होते. रोजच्या वापराची नवी मालिका मात्र १५ ऑगस्ट १९४९ रोजी आली, आणि तोपर्यंत राजाची तिकिटेच टपाल कार्यालयांत विकली जात होती. त्यामुळे या दोन वर्षांतील पाकिटावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसरीकडे स्वतंत्र भारताचे टपाल असा योग जुळतो, आणि कित्येक संग्राहक केवळ याच काळाचा अभ्यास करतात. पाकिस्तानातही आरंभी हीच तिकिटे चालली. १ ऑक्टोबर १९४७ पासून त्यांवर ‘पाकिस्तान’ असे छापलेली तिकिटे आली, आणि त्याआधी व त्याच सुमारास गावोगावी रबरी शिक्क्याने ते नाव उमटवले गेले. हे स्थानिक शिक्के असंख्य प्रकारचे आहेत आणि नंतर हौसेने मारलेलेही पुष्कळ आहेत, म्हणून सुट्या तिकिटापेक्षा तारखेचा शिक्का असलेले संपूर्ण पाकीटच घ्यावे. १५ ऑगस्ट १९४७ याच दिवसाचा शिक्का असलेले पाकीट कोणी दाखवले, तर मागचा पोहोच शिक्का आधी पाहावा.